मोरसकराची बारी

जगदीश रामजी मुंबईच्या धक्क्यावर उतरला तो छप्पन सालच्या जून महिन्यात. उतरताच त्याला नवल वाटलं ते याचं, की इथे हमालसुद्धा मराठीत भांडतात. त्याच्या मॉरिशस बेटावर मराठी ही फक्त आजीशी बोलायची भाषा होती. बाजारात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मराठी चुलीपुढे, हळू आवाजात. इथे दोन दांडगे गडी एका पेटीवरून एकमेकांच्या सात पिढ्या मराठीतून उद्धरत होते. जगदीश आपलं सामान विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो गिरगावातल्या एका कॉलेजात शिकायला आला होता. पण त्याचं खरं काम वेगळंच होतं आणि ते त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. त्याचा पणजोबा रामजी कोकणातून ऊसमळ्यावर मजुरीला गेला, तेव्हा तिथल्या गोऱ्या कारकुनाने त्याचं नाव तेवढं लिहून घेतलं. गाव विचारायची कोणाला फुरसत होती? रामजी हेच पुढे घराण्याचं आडनाव झालं आणि गाव समुद्रात बुडालं. निघताना आजीने नातवाचा हात धरून सांगितलं होतं, “बाबा, जल्मभर नवस बोलले ते ‘गावच्या देवी’ला. ती कंची देवी, कंच्या गावची, ते काय मला ठावं नाय. मी डोळे मिटायच्या आत तेवढं कळव.”

वसतिगृहात जागा नव्हती. कोकणातली माणसं कुठे राहतात, असं त्याने ट्रामच्या कंडक्टरला विचारलं. कंडक्टर हसला आणि त्याने त्याला लालबागला उतरवलं. तिथे एका चाळीच्या तोंडाशी ट्रंकेवर बसून हा बहाद्दर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, “अवो, मोरसला गेलेल्या रामजीचं गाव कुठलं, तुमास ठावं हाय का?” जुनी माणसं मॉरिशसला मोरस म्हणत. बारीक साखरेला अजूनही मोरस म्हणणारी माणसं लालबागेत होतीच. पण रामजी म्हणाल तर त्या एका चाळीतच ढिगाने निघाले असते. लोक हसत आणि पुढे जात.

पहिली पाळी सुटली आणि गिरणीतून शामराव आले. शामराव म्हणजे कुडशेत गावच्या खोलीचे कारभारी. मिशा पांढऱ्या, आवाज असा की साचेखात्यात, मागांच्या खडखडाटातसुद्धा ऐकू यावा. त्यांनी पोराचा प्रश्न दोनदा ऐकून घेतला, डोकं खाजवलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, “रामजी ना? मोरसचा? अरे, मंग तू आमच्याच गावचा! कुडशेतचा. ऊठ.”

जगदीश उठला तो रडतच. पहिल्या दिवशी गाव सापडलं! त्याच संध्याकाळी त्याने आजीला लिहून टाकलं की गाव कुडशेत आणि देवी वाघजाई.

आता ही गावकीची खोली म्हणजे काय चीज असते ते गिरणगावात न राहिलेल्याला सांगून पटायचं नाही. एक खोली, एक मोरी, आणि एका गावची वीस-पंचवीस माणसं. बायकापोरं गावी. कोणी पहिल्या पाळीला, कोणी दुसऱ्या, कोणी रातपाळीला. एक उठला की त्याच्या ऊबदार चटईवर दुसरा आडवा होतो. भिंतीला ज्याच्या त्याच्या खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला एकेका माणसाचा सगळा संसार. गणपतीचा खर्च, कोणाचं आजारपण, गावच्या देवळाचं छप्पर, सगळं इथे बसून ठरायचं. कायदा एकच होता. गावचा असेल त्यालाच जागा. बाहेरचा कितीही गुणाचा असो, त्याला चहा मिळेल, चटई मिळणार नाही. शामरावांचा शब्द होता म्हणून जगदीशला चटई मिळाली. तीही लवूच्या वाटणीतली. लवू रातपाळीचा विणकर, जगदीशच्याच वयाचा. तो सकाळी सहाच्या पुढे यायचा आणि जगदीशला पायाने ढोसून उठवायचा. “ऊठ रे मोरसकर! कॉलेजात जाऊन झोप, तिकडं बाकडी हायत.”

मोरसकर हे नाव असं पडलं आणि चिकटलं. खोलीला त्याच्या बोलण्याची भारी मौज वाटे. तो मराठी आजीकडून शिकलेला, त्यामुळे पायावर भांडं पडलं की हा सहा फुटी गडी “अगो बाई!” म्हणून किंचाळायचा. शेजारच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या जाईबाई तर त्याला मुद्दाम बोलतं करायच्या. म्हणायच्या, “माझ्या सासूचं बोलणं याच्या तोंडून ऐकतंय. फक्त शिव्या काय त्या येत नायत.” त्या मग लवूने शिकवल्या.

सकाळी कॉलेज आणि दुपारी फोर्टातल्या एका कापड-व्यापाऱ्याच्या पेढीवर काम. मादागास्करहून येणारी फ्रेंच पत्रं वाचून त्यांचा मजकूर इंग्रजीत सांगायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने तिथल्या गाठोड्यावर एक छाप पाहिला. वाघाचं तोंड, भोवती गोल. हा छाप त्याने लहानपणी बेटावरच्या दुकानात ताग्यांवर पाहिला होता. आजीची लुगडी त्याच छापाची. चौकशी केली तर कापड लवूच्याच गिरणीतलं निघालं. त्याने खोलीवर येऊन हे सांगितलं तेव्हा लवू झोपेतून उठून बसला. “म्हंजे तुझ्या आजीनं माझ्या बापानं विणलेलं लुगडं नेसलं?” असं म्हणून तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता. नंतर त्याने ही गोष्ट सगळ्या चाळीला सांगितली, आणि दर वेळी लुगडी वाढवून सांगितली.

रविवारी लवू त्याला मुंबई दाखवायचा, आणि अशा थाटात दाखवायचा की ती जणू त्यानेच वसवली आहे. राणीच्या बागेतला हत्ती त्याने ओळखीचा असल्यासारखा दाखवला. मत्स्यालयात काचेपुढे उभा राहून कुठला मासा कालवणाला आणि कुठला तळायला, हे तो इतक्या मोठ्याने सांगू लागला की एक पारशीण बाई हसून हसून खुर्चीवर बसली. गिरगाव चौपाटी, म्हातारीचा बूट, माहीमच्या खाडीवरची होडकी, वरळीच्या बीडीडी चाळी, जिथे जिन्यावर बसून पोरं कंदिलाखाली परीक्षेचा अभ्यास करीत होती. जगदीशला सगळ्याचंच कौतुक. त्याच्या बेटावर डोंगर होते, समुद्र होता, पण एवढी माणसं एका जागी एकमेकांना धक्के मारीत आणि वर सांभाळीत राहताना त्याने कधी पाहिली नव्हती. गेट वेवर लवू म्हणाला, “इंग्रज गेला तो इथनं.” जगदीशच्या बेटावर इंग्रज अजून होता.

फ्लोरा फाउंटनला मात्र लवूने डोक्यावरची टोपी काढली. तिथे काही नव्हतं, नेहमीची रहदारी होती. “मुंबई महाराष्ट्राला द्या म्हणालो, तर इथं गोळी चालली,” तो म्हणाला. “आपला दगडू लंगडतो ना, तो इथपासून.” दगडू खोलीतला सगळ्यांत गरीब स्वभावाचा माणूस, तो कधी कशाबद्दल तक्रार करीत नसे. जगदीशनेही डोकं उघडं केलं. ज्या शहरातल्या प्रत्येक ताग्याला, प्रत्येक विटेला यांचा हात लागलेला, ते आपलं आहे हे सांगायला या माणसांना गोळी खावी लागली, हे त्याला काही केल्या समजेना. त्या दिवसापासून तो त्यांच्याबरोबर शिवाजी पार्कच्या सभांना जाऊ लागला आणि आजीच्या मराठीत घोषणा देऊ लागला.

मग गणपती आले. ज्यांना रजा मिळाली ते गावी गेले. उरलेल्यांनी चाळीच्या चौकात मांडव घातला, वर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असा फलक लावला, आणि रविवारी दुपारी जाखडीची बारी ठरवली.

जाखडी जगदीशला ठाऊक होती. पायात घुंगरांचे चाळ बांधून गोलात नाचायचं, मध्ये ढोलकी, झांज, आणि गाणी. त्याच्या बेटावरही गणपतीला लोक असंच नाचत. फक्त तिथे सगळे मिळून गात, कारण मुळात माणसंच थोडी. इथे दोन बाजू असतात आणि त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस असते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार? माशाला पाणी ओलं असतं हे कोणी सांगतं का? एक बाजू शक्तीवाल्यांची. देवी थोर, शिव मागाहून. यांच्या डफाला कलगी. दुसरी तुरेवाल्यांची. शिव थोर, देवी मागाहून. यांच्या डफाला तुरा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जबाब द्यायचा. जो अडेल त्याने डफावरचं निशाण उतरवून दुसऱ्याच्या हवाली करायचं आणि वर्षभर बोडका डफ घेऊन बसायचं. कुडशेत पिढीजात शक्तीवालं. खाडीपलीकडचं पांगरखोल पिढीजात तुरेवालं. पांगरखोलची खोली घोडपदेवला होती आणि तिचे शाहीर होते राजाराम, सुकलेले, बारीक आवाजाचे, आणि शामरावांचे जन्माचे वैरी. कुडशेतची कलगी शामरावांच्या आज्यापासून कधी उतरली नव्हती. शामराव तिची गोष्ट सांगताना मिशीला पीळ द्यायचे.

रविवारी चौक गच्च भरला. आधी दोन्ही बाजूंनी मिळून संयुक्त महाराष्ट्राचं गाणं म्हटलं. महाराष्ट्र एक व्हावा याबद्दल दोन्ही खोल्यांचं एकमत होतं. त्यापुढे कशाबद्दलही नव्हतं. गाणं संपलं आणि दोन्ही शाहिरांनी एकमेकांकडे असं पाहिलं की पोरं मागे सरकली.

बारी रंगली. जगदीश शामरावांच्या मागे ध्रुवपद धरणाऱ्या झीलकऱ्यांत बसला होता, झांज वाजवत, अगदी हरखून. सवाल आला की जबाब, जबाब आला की सवाल. शामरावांचा आवाज दादरपर्यंत जात असेल. उन्हं कलली तेव्हा राजारामांनी डफ छातीशी धरला आणि हळूच सवाल टाकला. सगळी पृथ्वी जळात बुडते, चंद्रसूर्यही उरत नाहीत, तेव्हा तुमची शक्ती निजते कुठे?

शामराव थांबले. ढोलकीवाल्याने वेळ काढायला एक फेरा वाजवला, मग दुसरा. शामरावांच्या कपाळावर घाम दिसू लागला. कुडशेतची माणसं जमिनीकडे बघू लागली.

आणि जगदीशच्या मनात लख्ख उजेड पडला. हे तर त्याला ठाऊक होतं! आजी त्याला निजवताना जे गाणं म्हणायची, त्यात हेच होतं. त्याला ती आपली अंगाई वाटायची. शामरावकाकांची लाज राखायची संधी आपल्याला मिळाली, या आनंदात तो ताडकन उभा राहिला आणि गळा मोकळा सोडून गाऊ लागला:

“जळ झालं पृथ्वीचं, नाही दिस, नाही रात,
शक्ती निजली बाळावाणी शिवाच्या कुशीत.
आधी शिव, मग शक्ती, मनी धरा माझं गाणं,
भिकू गुरूचा मी चेला, गुरुपायी माझं ठाणं.”

गाणं संपलं. जगदीश हसऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे बघत होता. टाळ्यांची वाट बघत होता, खोटं कशाला सांगा. मग पांगरखोलची माणसं एकदम उसळली, टोप्या हवेत उडाल्या, आणि लवूने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. “मेल्या, काय केलंस! शिव आधी म्हणालास! आमच्यात बसून!”

शक्तीवाल्यांच्या गोटात बसून, शक्तीवाल्यांच्याच माणसाने शिव थोर ठरवला होता. याला काही जबाब असतो का? शामरावांनी डफावरची कलगी सोडली आणि राजारामांपुढे धरली. राजारामांनी ती घेतली, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते जगदीशकडे बघत होते. “भिकू गुरू आमचा,” ते म्हणाले. “हे गाणं आमच्याकडनं हरवलंय. तुला कुणी दिलं?” “आजीनं,” जगदीश म्हणाला. “मोरसला.”

त्या संध्याकाळी जाईबाईंनी वाढलेलं तसंच राहिलं. जगदीश भिंतीकडे तोंड करून पडला आणि त्याला आयुष्यात प्रथमच स्वतःची इतकी शरम वाटली. ज्या माणसाने त्याला गाव दिलं, त्याचीच मान त्याने खाली घालायला लावली होती.

सकाळी राजाराम चार माणसं घेऊन आले. एकाच्या हातात नारळ, राजारामांच्या हातात कलगी. रातपाळीहून आलेला लवू उंबऱ्यातच थबकला. राजारामांना बसायला दिलं गेलं, चहा दिला गेला, वैर वैराच्या जागी. चहा संपल्यावर ते म्हणाले, “शामराव, हा पोरगा आमचा. भिकू गुरूचा एक चेला मोरसला गेला तो परत आला नाय. नाव रामजी. त्याच्या पडक्या घराचं जोतं आमच्यात अजून दाखवतात, त्याच्यावर आता फणस आलाय. पोरगा आमच्या खोलीत नेतो. आणि ही कलगी परत घ्या. पोराच्या चुकीनं गेली ती जिंकली म्हणायची नाय.”

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे कलगीवर गेले. दगडूने तर हात पुढे केलाच होता. जगदीशने मात्र शामरावांकडे पाहिलं. खरं गाव सापडलं होतं. जोतं, फणस, गुरू, सगळं सापडलं होतं. तो जर आत्ता उठून यांच्याबरोबर गेला, तर काकांची आब परत येत होती. ठरवायला काय राहिलं होतं? त्याने खुंटीवरचे कपडे काढले, घडी न घालताच काखेत मारले आणि म्हणाला, “काका, मी जातो. कलगी घ्या.”

“कपडे खुंटीला लाव,” शामराव म्हणाले.

“शामराव, पोरगा पांगरखोलचा हाय,” राजाराम म्हणाले.

“असंल. पण राहतो तो इथं. कलगी ठेवा तुमच्याकडे.”

खोलीत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, “काका, कायदा हाय ना. गावचा असंल त्यालाच...” शामरावांनी त्याला हाताने थांबवलं आणि बसक्या आवाजात म्हणाले, “आमच्या गावातनं मोरसला कुणीच गेलं नाय. कधीच नाय. मला पयल्या दिवशी ठावं होतं.”

हे ऐकून जगदीशला आधी संतापच आला. आजीचं काय? ती म्हातारी तिकडे रोज वाघजाईच्या नावाने दिवा लावत होती. “मग मला खोटं का सांगितलंत?” तो जवळजवळ ओरडला. “आजी चुकीच्या देवीला हात जोडतेय!”

“चुकलं माझं,” शामराव म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “तू ट्रंकेवर बसला होतास. दिवसभराचा उपाशी. आमच्या खोलीत बाहेरच्याला जागा नाय. मंग तुला गावचा केला. दुसरं काय करणार होतो?”

दारातून जाईबाई म्हणाल्या, “आणि देवी काय पत्ता विचारून दिवा घेते? खाडीच्या या काठाची न् त्या काठाची, दोघी बहिणीच त्या.”

राजारामांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी नारळ शामरावांपुढे ठेवला, कलगी मात्र उपरण्यात गुंडाळून घेतली. “पोराला दिवाळीत गावाला नेतो, जोतं दाखवायला,” ते उठता उठता म्हणाले. “आणि पुढल्या बारीला तो आमच्यात बसणार.”

“खुशाल बसवा,” शामराव म्हणाले. “आमच्यात बसवायची आता आमची छाती नाय.”

पहिल्यांदा हसला तो दगडू. मग सगळेच हसले, राजारामांसकट. ती माणसं जिना उतरून गेली. शामरावांनी बोडका डफ उचलला आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी, दारासमोरच्या भिंतीवर टांगला.

जगदीश काखेत कपडे धरून उभाच होता. आज्यापासूनचा मान या माणसाने एका परक्या पोरासाठी सोडून दिला होता. पोर परकं आहे हे पक्कं ठाऊक असताना सोडून दिला होता. कपडे खाली ठेवून तो वाकला आणि त्याने शामरावांचे पाय धरले.

“बास, बास,” शामराव पाय मागे घेत म्हणाले. “काल रात्री जेवला नायस. जाईबाई, याला वाढा.”

लवू आपल्या चटईवर आडवा झाला, तिथूनच डोळे मिटून म्हणाला, “आणि आजीला लिही, देवी दोन हायत. दिवे दोन लावायला लागतील.”

जगदीश जेवायला बसला. भात गरम होता आणि त्याला भूक लागली होती.